न पोचलेला प्रश्न

मॅडम माझ्या स्कूटरवर मागे बसल्या की त्यांची बोटं माझ्या पाठीवर चालायला लागायची. भिलाईतल्या सुपेल्याच्या बाजारातून जाताना भाजीवाल्यांच्या आरोळ्या, कंडक्टरचा पुकारा, सिग्नलला शेजारच्या दोघांचं भांडण, जे कानावर पडेल ते त्या माझ्या पाठीवर टाइप करत. आपण असं करतो हे त्यांना ठाऊकही नसावं. स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरच्या झाडांखालच्या रस्त्याला लागलो की बोटं थांबायची, आणि मागे न बघता मला कळायचं की इथे कुणी बोलत नाहीये.

त्यांचा भाऊ वारला तेव्हा मी त्यांच्या माहेरी गेले होते. बायका जमल्या होत्या, एक काकू भावाच्या आठवणी सांगत रडत होत्या. मॅडमही रडत होत्या. एका हातानं डोळे पुसत होत्या आणि मांडीवरच्या दुसऱ्या हाताची बोटं काकूंचं बोलणं उतरवून घेत होती. वहिनीनं ते पाहिलं आणि मान फिरवली. त्या घरात नंतर त्यांना कुणी मनापासून बोलावलं असेल असं मला वाटत नाही.

मॅडम मूळच्या यवतमाळकडच्या. लग्न होऊन भिलाईत आल्या, नवरा प्लांटमध्ये क्लार्क. त्या दुर्गच्या कोर्टात स्टेनो. नवरा गेला, नोकरी संपली, मुलगी नागपूरला नांदायला गेली. बरोबरीच्या बायका भजनी मंडळात रमल्या, आणि मॅडमनी एक छोटं यंत्र मागवलं. त्याला मोजक्याच कळा. दोन्ही हातांनी काही कळा एकदम दाबल्या की अख्खा शब्द उमटतो. ते लॅपटॉपला जोडलं की माणूस बोलत असतानाच त्याचं बोलणं पडद्यावर अक्षरांत उतरत जातं. कंपन्यांचे लवाद, मोठ्या चौकश्या, अशा ठिकाणी अध्यक्ष आणि वकील आपापल्या पुढ्यातल्या टॅबलेटवर ते वाचत बसतात. याला रिअलटाइम म्हणतात. यंत्रातला हिंदी आणि मराठी शब्दसाठा मॅडमनी स्वतः एकेक शब्द घालून उभा केला होता. हे काम करणारं दुसरं माणूस आमच्या भागात तरी मला माहीत नव्हतं.

मी भिलाईतल्याच कोहक्याची. वडील रेल्वेत होते. कम्प्युटरचा डिप्लोमा करून मी एका दुकानात प्रिंटर दुरुस्त करत होते, तिथे मॅडम आल्या. त्यांना टॅबलेट आणि नेटवर्क सांभाळायला माणूस हवं होतं. घरी बोलावलं, समोर बसवलं आणि म्हणाल्या, "चहा कसा करतात थे सांग मले."

मी सांगितलं. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "वाच."

'मतलब पहिले गंज घ्यायचा, पातेलं, मतलब त्याच्यात पाणी, मग ते आपलं, मतलब साखर, नाही, पहिले पत्ती, मतलब...'

मला घाम फुटला. "मी अशी बोलते?"

"सगळेच असे बोलतात. वकील बी, जज बी. पण आपलं बोललेलं वाचून ज्याले लाज वाटते, थो माणूस दुसऱ्याचं बोलणं जपून हाताळते. उद्यापासून ये."

त्यांच्या तऱ्हा अंगवळणी पडायला वेळ लागला. कुठल्याही खोलीत शिरल्या की दारातच एक टाळी वाजवायच्या आणि मान तिरपी करून ऐकायच्या. आवाज घुमला तर घरून आणलेल्या चादरी खिडक्यांवर टांगायच्या. एकदा एका लवादाच्या खोलीत त्यांनी फुलाफुलांच्या चादरी लावल्या आणि आलेल्या मोठ्या साहेबानं विचारलं, इथे बाळंतीण आहे का? मॅडमनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. प्रत्येक वस्तू त्या दोन घ्यायच्या. दोन चष्मे, दोन छत्र्या, दोन लॅपटॉप. "एक मेलं त काय त्याच्या नावानं रडत बसू?" असं म्हणायच्या. कुणी बोलता बोलता अडखळलं तर शब्द पुरवायच्या नाहीत आणि मलाही पुरवू द्यायच्या नाहीत. "थांब. त्याचा शब्द त्याले सापडू दे." कधी कधी समोरचा माणूस एवढा वेळ शब्द शोधत राही की मला तिथून पळून जावंसं वाटे.

आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे सुनावणी सुरू झाली की रिपोर्टरनं, म्हणजे बोलणं टिपणाऱ्यानं, बोलायचं नाही. ऐकू आलं नाही तर हात वर करायचा, बस. मत नाही, हसू नाही, च्‌ करणंही नाही. एकदा एका साक्षीदाराच्या उत्तरावर मला हसू फुटलं तर जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला डबा खाऊ दिला नाही. "भिंत हासते काय? आपण भिंत. आपल्या भरोशावर थे लोक बोलून राहिले."

हे मी सगळं सांगते आहे कारण देवलालच्या चौकशीत काय झालं ते त्याशिवाय समजणार नाही.

देवलाल दुर्गजवळच्या उतई गावचा. एका खासगी फाउंड्रीत भट्टीवर होता. एका सकाळी भट्टीत स्फोट झाला. त्याचे दोन सोबती जागीच गेले. देवलाल वाचला, पण त्याचे दोन्ही कान गेले. कंपनीचं म्हणणं पडलं की पाण्याचा वाल्व देवलालनंच चुकून उघडला, पाणी तापलेल्या धातूवर गेलं आणि स्फोट झाला. हे खरं ठरलं असतं तर दोन मेलेल्या माणसांचा दोष त्याच्या माथी आला असता. गावात ती दोन्ही घरं त्याच्याच गल्लीत. एका घरानं त्याच्या बायकोशी, फूलबाईशी, बोलणं सोडलं होतं.

एका निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. अध्यक्ष स्वच्छ मनाचे, पण चिडके. त्यांनी मॅडमना बोलावून सांगितलं, की या माणसाला ऐकू येत नाही, हिंदी वाचता येतं. त्याला प्रत्येक शब्द त्याच क्षणी समोर दिसला पाहिजे.

बाहेर आल्यावर मॅडम स्कूटरजवळ थांबून म्हणाल्या, "आजवर आपण ज्यायच्यासाठी पडदे लावले त्यायले कान होते. पडदा बंद पडला तरी त्यायचं काही अडत नव्हतं. याचं अडते."

सुनावणीची जागा म्हणजे सेक्टरमधल्या एका जुन्या क्लबचा हॉल. लाकडी फरशी, उंच छत, भिंतीला टेकवलेली लोखंडी कपाटं. मॅडमना देवलालच्या टॅबलेटला सरळ वायर जोडायची होती. पण साक्षीत त्याला जागेवरून उठून भट्टीच्या नकाशापाशी जायचं होतं, कुठे उभा होता, कुठला वाल्व, हे बोटानं दाखवायचं होतं. शिवाय पहिल्याच बैठकीत एक म्हातारे वकील माइकच्या वायरीत पाय अडकून पडता पडता वाचले आणि अध्यक्षांनी फर्मान काढलं की मधल्या जागेत एकही वायर दिसता कामा नये. तेव्हा वायरशिवायच करायचं, पण कसं, यावरून आमची जुंपली.

क्लबचं स्वतःचं वायफाय होतं, त्यावर अर्ध्या हॉलचे मोबाइल चालायचे. ते आम्ही दोघींनी पहिल्याच दिवशी सोडून दिलं. माझं मत इंटरनेटवरून चालणाऱ्या सेवेचं होतं. आमची अक्षरं वर जातील आणि तिथून प्रत्येक टॅबलेटवर उतरतील. मध्ये सिग्नल तुटला तरी परत आल्यावर राहिलेल्या ओळी आपोआप भरून येतात. कंपनीच्या वकिलालाही तेच हवं होतं, कारण त्यांच्या मोठ्या ऑफिसातल्या लोकांना तिकडे बसून सगळं वाचायचं होतं.

"अन् नेट गेलं त?" मॅडम म्हणाल्या. "अन् तिकडे बसून कोण वाचून राहिलं, कोण इकडे वकिलाले फोनवर सांगून राहिलं, थे आपल्याले दिसते काय? मले नाई पटत. आपला डब्बा आपण न्यायचा."

डब्बा म्हणजे राउटर. स्वतःचा छोटा राउटर, इंटरनेट नाही, फक्त आमचा लॅपटॉप आणि हॉलमधले टॅबलेट यांच्यामधला. बाहेरच्या कुणाला त्यात शिरता येणार नाही.

"पण आपल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तुटलं की मधल्या ओळी गेल्या," मी म्हटलं. "देवलालला कळणारच नाही काय गेलं ते."

"हे बरोबर बोलली तू."

मग आम्ही दोन्हींचं जमवलं. राउटर आमचा, पण सॉफ्टवेअर नवं घेतलं, जे तुटलेला टॅबलेट परत जोडला गेला की राहिलेल्या ओळी पाठवून देतं. कोहक्यातल्या आमच्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये ते लावून पाहिलं. माझे वडील मधोमध उभे राहून पेपरातला अग्रलेख वाचत होते, मॅडम यंत्रावर, आणि मी टॅबलेट घेऊन कोपऱ्या-कोपऱ्यात फिरत होते. "माझा आवाज पोचून राहिला ना?" वडिलांनी ओरडून विचारलं. "भाऊ, आवाजाचं नका पाहू, अक्षर पोचते का थे पाहू," मॅडम म्हणाल्या, आणि तेही टाइप झालं.

मग क्लबच्या हॉलमध्ये. इथे मॅडमनी देवलाललाच बोलावलं. तो मान खाली घालून आला. फूलबाई त्याच्या शर्टाची बाही धरून होती. मॅडमनी त्याच्या हातात टॅबलेट दिला, स्वतः यंत्रापुढे बसल्या आणि यंत्रावरून त्याला विचारलं, 'बेटा, खाना खाया?'

त्यानं ओठ हलवत वाचलं. तो नेहमीच ओठ हलवून वाचायचा. मग एकदम वर बघून हॉल दणाणेल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "हव, खाएंव!" बहिऱ्या झालेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. फूलबाईनं तोंडावर पदर घेतला. ती हसत होती की रडत होती ते मला समजलं नाही.

मॅडमनी त्याला शिकवलं की अक्षरं थांबली वाटलं तर डावा हात वर कर. त्यानं करून दाखवलं. नकाशा जिथे टांगायचा होता तिथेही त्याला उभं करून पाहिलं. सगळं चोख होतं.

साक्षीच्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा नकाशा तिथे नव्हता. कंपनीच्या माणसांनी भट्टीचा नवा, रंगीत, मोठा नकाशा आणला होता. तो एका पत्र्याच्या रुंद फळ्यावर चिकटवून हॉलच्या डाव्या अंगाला चाकांच्या स्टँडवर उभा केला होता. मॅडमनी फळ्यावर बोटानं टकटक केलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "पत्रा आहे हा." तेवढ्यात अध्यक्ष आत आले. पुन्हा तपासायला वेळ मिळाला नाही. मी देवलालच्या हातातल्या टॅबलेटवर नजर टाकली, अक्षरं येत होती. माझ्या लॅपटॉपवर प्रत्येक टॅबलेटसाठी एक टिपका असायचा. देवलालचा टिपका हिरवा होता.

सकाळचा वेळ नीट गेला. प्रश्न यायचा, देवलाल ओठ हलवत वाचायचा, उत्तर द्यायचा. कंपनीचा वकील सावकाश, गोड बोलणारा माणूस होता. दुपारी त्यानं देवलालला नकाशापाशी बोलावलं. देवलाल टॅबलेट छातीशी धरून फळ्याच्या कडेला, थोडा मागेच उभा राहिला. आमचा राउटर आणि तो, यांच्यामध्ये आता तो पत्रा होता.

वकिलानं नकाशावर बोट ठेवलं. "यही वाल्व है?"

मॅडमची बोटं हलली. देवलालनं टॅबलेटवर वाचलं, ओठ हलले. नकाशा बघायला तो फळ्याच्या कडेवरून वाकला, तसा टॅबलेट धरलेला हात पूर्ण पत्र्याआड गेला. तेवढ्यात, उत्तराची वाट न बघता, वकील त्याच सुरात म्हणाला, "और इसे आपने ही खोला था?"

देवलालनं खाली टॅबलेटकडे पाहिलं. ओठ हलले नाहीत. त्यानं कडेवरून दुसरा हात पुढे करून वाल्ववर आपलं बोट ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाला, "हां, साहब."

वकील वळला. "बस. मुझे और कुछ नहीं पूछना."

"नइ! नइ!" मागच्या बाकावरून फूलबाई किंचाळली. अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. मी माझ्या लॅपटॉपकडे पाहिलं, टिपका हिरवाच होता. मला काहीच उमजेना. याच्यानंच झालं का ते?

तेव्हा मला जाणवलं की कळांचा आवाज बंद झालाय. मॅडमचे दोन्ही हात यंत्रावरून वर उचललेले होते, खांद्याच्या उंचीवर, पंजे उघडे.

"मॅडम, लिखिए," अध्यक्ष म्हणाले.

"महोदय, रेकॉर्ड रुका है," मॅडम म्हणाल्या.

त्या हॉलमध्ये त्यांचा आवाज बहुतेकांनी पहिल्यांदाच ऐकला. वकिलाचा चेहरा लाल झाला. "रिपोर्टर को बीच में बोलने का हक किसने दिया? ये किसकी तरफ से आई हैं?"

"हाथ नीचे कीजिए," अध्यक्ष म्हणाले. आता त्यांचा आवाज चढला होता. "लिखिए, वरना मैं दूसरा इंतज़ाम करूँगा."

मॅडमचे हात खाली आले नाहीत. "सवाल लिखा है. जवाब भी लिखा है, मिटाऊँगी नहीं. पर सवाल उन तक पहुँचा नहीं. आप खुद उनका पर्दा देख लीजिए. तब तक उन्हें वहाँ से कोई हिलाए नहीं."

शेवटच्या वाक्यानं मी हादरले. हिरवा टिपका एवढंच सांगत होता की टॅबलेट जोडलेला आहे. अक्षरं पोचतात की नाही ते त्याला माहीत नव्हतं. आणि देवलाल फळ्याच्या आडून एक पाऊल जरी बाहेर आला असता तर राहिलेल्या ओळी झरझर टॅबलेटवर उतरल्या असत्या. मग त्याला प्रश्न दिसला नव्हता हे कुणाला पटलं असतं?

देवलालला यातलं काही कळत नव्हतं. सगळे तोंडं हलवतायत, बायको उभी आहे, अध्यक्ष रागावलेत, एवढंच त्याला दिसत होतं. वकिलाचा ज्युनिअर त्याच्याकडे चालू लागला. देवलाल घाबरला आणि फूलबाईकडे यायला निघाला.

"रुको!" मी ओरडले. कुणाला ओरडत होते मी? त्याला ऐकू कुठे येत होतं?

फूलबाईनं चप्पल काढली आणि टाच लाकडी फरशीवर दाणकन आपटली. पुन्हा आपटली. फरशीचा हादरा देवलालच्या पायांना लागला असणार. तो थबकला आणि तिच्याकडे बघू लागला. तिनं दोन्ही तळवे खाली दाबले, जसं ती घरी त्याला करत असेल, बस, हलू नको. तो फळ्यामागे जागच्या जागी उभा राहिला. मी धावत जाऊन ज्युनिअरच्या आडवी झाले. तो मला काहीतरी बोलला, ते मी इथे लिहीत नाही.

अध्यक्ष खुर्चीतून उठले. त्यांचे गुडघे दुखायचे, टेबलाला धरून उठले आणि सावकाश चालत फळ्यापाशी गेले. सगळा हॉल त्यांच्या बुटांचा आवाज ऐकत होता. त्यांनी चष्मा वर केला, देवलालच्या हातातला टॅबलेट हात न लावता वाचला आणि मोठ्यानं म्हणाले, "'यही वाल्व है?' इसके नीचे कुछ नहीं है."

अध्यक्षांनी देवलालच्या दंडाला धरून त्याला फळ्याच्या बाहेर आणलं. टॅबलेटवर ओळी उतरल्या. अध्यक्षांनी त्या उतरताना पाहिल्या. देवलालनंही. त्याचे ओठ हलायला लागले. 'और इसे आपने ही...' मग ओठ थांबले. त्याच्या खाली त्याचंच उत्तर होतं, 'हां, साहब.'

त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

"नइ साहेब!" तो ओरडला. "मैं नइ खोले हंव! मैं तो बंद करत रहेंव!"

म्हणजे पाणी आधीच येत होतं आणि तो वाल्व बंद करायला धावला होता. एवढे दिवस ही गोष्ट त्याला कुणी नीट विचारलीच नव्हती.

मॅडमचे हात खाली आले. त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं, छत्तीसगढीत टिपलं.

वकिलानं पुष्कळ वाद घातला, पहिलं उत्तर कायम राहिलं पाहिजे म्हणून. अध्यक्षांनी दोन्ही उत्तरं आणि मधलं सगळं स्वतः सांगून रेकॉर्डवर घेतलं. मग मॅडमकडे वळून म्हणाले, की रिपोर्टरनं स्वतःहून बोलणं मला मान्य नाही, याचीही नोंद करा. मॅडमनी मान डोलावली आणि आपल्यावरचा ठपका आपल्याच बोटांनी टाइप केला.

घरी जाताना मी स्कूटर थांबवून त्यांना म्हणाले, "मॅडम, आज तुम्ही त्याला वाचवलं."

त्या एकदम उखडल्या. "कावून बोलते असं? मी काय वकील आहे त्याची? अन् वाचवलं कुठं! तुले त्यानं ओठ हलवले नाईत थे दिसलं नाई, मले दिसलं, तेवढंच. चूक आपली आहे. दोन डब्बे घेतले अन् एक झोल्यात ठेवला. दुसरा पल्याडच्या भिंतीले लावला असता त पत्र्याच्या आड बी अक्षर गेलं असतं." आणि लगेच, "मी बोलली, थे बी चूकच. बोलणं जरूर होतं म्हणून काही थे बरोबर होत नाई."

दुसऱ्या दिवशीपासून हॉलच्या दोन्ही अंगांना एकेक राउटर लागला. माझ्या लॅपटॉपवर आता टिपक्याबरोबर प्रत्येक टॅबलेटवर पोचलेली शेवटची ओळही दिसायची. तशी सोय सॉफ्टवेअरमध्ये होतीच, आम्ही शोधली नव्हती. चौकशी संपेपर्यंत पुन्हा एकही ओळ अडकली नाही.

अहवालात देवलालवर दोष आला नाही. वाल्व आधीच गळका होता आणि तक्रार करूनही बदलला नव्हता, असं त्यात निघालं. गल्लीतल्या त्या घरानं फूलबाईशी पुन्हा बोलायला सुरुवात केली.

मॅडमचं काम मात्र तुटलं. 'ती बाई मध्ये बोलते' हे वकिलांमध्ये पसरलं. आधी ठरलेला एक लवाद गेला, मग दुसरा. फोन यायचे बंद झाले. एकानं तर मलाच फोन केला, की मॅडमना सोडून तुम्ही एकट्या याल का? मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "जा ना. यंत्र शिकवते तुले." त्यांनी खरंच शिकवलं. आज मी जे काम करते ते त्यांच्याच हाताखाली बसून शिकलेलं आहे. त्या शेवटी मुलीकडे नागपूरला गेल्या.

पण त्या जायच्या आधी देवलाल आणि फूलबाई त्यांच्या घरी आले. नीट कपडे घालून, पिशवीत घरच्या शेतातले हिरवे चणे घेऊन. देवलाल खुर्चीच्या टोकावर बसला. मॅडमनी न विचारता यंत्र काढलं, राउटर लावला आणि टॅबलेट त्याच्या हातात दिला. मग फूलबाईला म्हणाल्या, "बोलो. जो बोलना है, इनसे बोलो. मैं लिखूँगी."

फूलबाईला कळेना काय बोलायचं. स्फोटापासून ती नवऱ्याशी हातवाऱ्यांनीच बोलत आली होती. भूक लागली का, चल, झोप, इकडे ये. तिला स्वतःला लिहिता येत नव्हतं. ती पदराचं टोक पिळत बसली. मग चुकत माकत तिनं सुरू केलं. म्हैस आटली. तिच्या आईला बरं नाही. कोठाराचा दरवाजा सुतार नीट करून गेला नाही. देवलाल ओठ हलवत वाचत होता. काही छत्तीसगढी शब्द यंत्राला येत नव्हते, मॅडम थांबून ते अक्षर अक्षर लिहायच्या, आणि फूलबाई त्यांच्यासाठी थांबायची.

मग तिचा सूर बदलला. तो दवाखान्यात होता तेव्हाचं ती सांगायला लागली. तू डोळे उघडत नव्हतास. डॉक्टर काही बोलायचे ते मला समजायचं नाही. मी बाहेर बसून तुला हाका मारायचे, मला वाटायचं तू झोपलायस म्हणून ओ देत नाहीस. ऐकू येत नाही हे मला कुणी सांगितलंच नाही रे. मी रागावले होते तुझ्यावर.

देवलालनं वाचलं. फूलबाई गप्प झाली. मग डोळे वर न करता, खोली भरून जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "अउ गोठिया." आणखी बोल.

मला तिथे बसवेना. मी चहा ठेवते असं पुटपुटून उठले. मॅडमनी यंत्रावरून हात न उचलता, माझ्याकडे न बघता हळूच सांगितलं, "बस तू. खुर्ची नको वाजवू. बाई बोलून राहिली."